शालनची वीत

शालन गेली त्या सकाळी मी तिच्यावर चिडलेली होते. सातला चहाला येते म्हणाली होती, साडेसात वाजले तरी बाईचा पत्ता नाही. गॅसवर चहा उकळून उकळून काढा झाला होता आणि मी शिलाईच्या मशीनवर बसून मनातल्या मनात तिची खरडपट्टी काढत होते... हिला काय, लिफ्टपाशी कोणी भेटलं असेल, उभी असेल गप्पा मारत, आपण इथे वाट बघतोय याचं काही आहे का! शेवटी तिच्या मजल्यावरची सुनीता धापा टाकत खाली आली. "मावशी, शालनकाकी दार उघडत नाहीयेत." दुसरी किल्ली माझ्याकडेच असायची. शालन खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती, चष्मा नाकावर, मोबाइल मांडीवर. कॅनडाला फोन लावायच्या बेतात असावी. हृदय थांबलं, त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. सगळे रडत होते, मीही रडले, पण माझा राग काही जाईना. एवढी सगळी आखणी केली, दोन महिने माझं डोकं खाल्लं, आणि कोंबड्या यायच्या आत ही निघून गेली.

कोंबड्या कुठल्या, ते सांगते. शालनची एकुलती एक मुलगी तेजू लग्न होऊन कॅनडात गेली. टोरांटो वगैरे नाही, आत कुठेतरी लहानसं गाव, जिथे निम्मं वर्ष बर्फ. जावई संकेत मुलुंडचा, गुणी मुलगा. मागच्या हिवाळ्यात तेजूचं पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. बायका यातून उठतात, आम्ही दोघींनी आमच्या चाळीत कितीजणींना उठताना बघितलं आहे. पण आजूबाजूला माणसं असतात म्हणून उठतात ना! तिकडे कोण होतं? तेजूने नोकरी सोडली. दिवसभर पडदे लावून पडून राहायची, फोन केला तर "हो, बरी आहे" एवढंच. संकेत आम्हाला हळू आवाजात सांगायचा की आई, ती घराबाहेर पाऊलच टाकत नाही. शालनला जायचं होतं, बॅगसुद्धा काढून ठेवली होती तिने माळ्यावरून, पण डॉक्टरांनी विमानाला साफ नाही सांगितलं. त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन बसली. मग म्हणाली, "नंदा, तेजूच्या मागल्या दारी जागा आसा. थय गुडो बांधूया." गुडो म्हणजे त्यांच्या मालवणीत कोंबड्यांचं खुराडं. मी म्हटलं, पोरगी दुःखात आहे आणि तुला कोंबड्या सुचतायत? वेड लागलं का तुला?

वेड नव्हतं ते. मला तेवढ्यात आठवलंच सगळं. आज आमची बिल्डिंग जिथे उभी आहे, तिथेच भांडुपच्या टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ होती. आमचे वडील परभणीकडचे, शालनचं सासर कुडाळकडचं. मी नवीन नवीन ब्लाउज शिवायला घ्यायला लागले होते आणि ही शेजारीण घराच्या मागे कोंबड्या पाळून होती. आमची ओळखच भांडणातून झाली. तिची एक काळी कोंबडी रोज माझ्या दारातून आत शिरायची आणि कापलेल्या कापडावरून, खडूच्या खुणा पुसत, महाराणीसारखी फिरायची. एक दिवस तर माझ्या चिंध्यांच्या टोपलीत बसून अंडं घालून गेली. मी ते अंडं हातात घेऊन हिच्या दारात गेले तणतणत. ही मला आपादमस्तक बघते आणि म्हणते, "तुझ्याकडे घातलान ना? मगे तुझाच. खा!" आता अशा माणसाशी काय भांडणार? दुसऱ्या दिवशी टोपलीत मी जरा मऊ चिंध्या पसरून ठेवल्या.

पुढे तिचा नवरा गेला. कंपनीतून घरी आला, पाणी मागितलं आणि गेला. तेजू तेव्हा दुसरीत. शालनने अंथरूण धरलं. नातेवाईक येऊन गेले, चाळीतल्या बायका डबे देऊन थकल्या, मी ओरडले, हात जोडले, काही उपयोग नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली. मग एका सकाळी मागे जो काही कलकलाट सुरू झाला... खुराड्याचं दार उघडायला सगळेच विसरले होते. ऊन वर आलं, आत कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढून बोंबलतायत. मी उठून जाणारच होते, तेवढ्यात शालनच्या घरातून भांड्याचा आवाज आला. केस विस्कटलेले, पदर लोळतोय, अशी ती बाहेर आली, दार काढलं, मूठभर तांदूळ टाकला आणि तिथेच पायरीवर बसून त्यांना शिव्या देऊ लागली. चांगल्या घसघशीत मालवणी शिव्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवसानंतर ती रोज उठली. "माणूस गेलो तरी कोंबड्यांका दाणे लागतत," असं ती नंतर कोणाचंही सांत्वन करताना म्हणायची. ऐकायला बरं वाटायचं नाही, पण खरं होतं.

चाळ पडली, बिल्डिंग झाली, कोंबड्या गेल्या. शालनने हार मानली नव्हती; वर राहायला गेल्यावर बाल्कनीत चादरीआड एक कोंबडी ठेवली होती तिने. आठवडाभर कोणाला कळलं नाही. मग सेक्रेटरी स्वतः वर आले आणि त्यांच्यासमोर ती कोंबडी नेमकी अंडं घातल्याचा डांगोरा पिटायला लागली. शालन म्हणाली, टीव्ही आहे तो. टीव्ही बंद होता... असो. तर तेजूला उठवायचं तर कोंबड्याच उठवतील, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. तिने तेजूला यातलं काहीही सांगितलं नाही. "माझी हौस समज," एवढंच म्हणाली. "माका आता पाळूक गावणत नाय, तुझ्याकडे बघीन फोनात." आईची हौस म्हणून तेजू नाही म्हणू शकली नाही. तिकडच्या गावात परसात थोड्या कोंबड्या ठेवायला परवानगी होती, संकेतने विचारून घेतलं. आणि रोज सकाळी सातला, म्हणजे तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, माझ्या हॉलमध्ये चहा पिता पिता बर्फातल्या खुराड्याची आखणी सुरू झाली.

आम्ही दोघींनी जन्मात बर्फ बघितला तो फ्रिजमधला. पण शालनचं सुरूच. पहिल्यांदा तिने सांगितलं की एक फट ठेवायची नाही, सगळीकडून गोणपाट ठोका, वारा आत येता कामा नये. कोकणातल्या पावसाळ्याचा हिशेब तो. संकेतच्या शेजारी एक म्हातारी राहते, तिच्याकडे कोंबड्या आहेत. तिने सांगितलं की खाली वारा नको, पण छपराखाली दोन्ही बाजूंना झरोके ठेवाच. शालनला तो अपमान वाटला. "ती कोण माका शिकवणारी?" दोन दिवस फोन लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, मी खिडक्या लावून लग्नघरच्या ब्लाउजांना वाफेची इस्त्री करत होते आणि ही फुगून बसली होती. काचेवर पाणी जमलं होतं, ओघळ खाली येत होते. शालन उठली, काचेवर बोट फिरवलं, बोटाकडे बघत राहिली. "नंदा, कोंबड्यांचो श्वास पण असोच भिंतीक लागतलो." मी म्हटलं, लागणारच. "आणि थंडीत तोच गोठतलो." मग तिला आठवलं की तिच्या माहेरी आषाढ-श्रावणात पिल्लं मरायची ती गारठ्याने नव्हे, ओलीने. लगेच फोन लावला आणि जावयाला सांगितलं, "वर झरोके ठेव. थंडीन मरनत नाय, वलीन मरतत." जणू हे तिनेच शोधून काढलं. मी इस्त्रीमागून हसत होते, तर मला डोळे वटारून दाखवले.

बसायच्या काठीचंही तसंच. आपल्याकडे गोल बांबू चालतो; तिकडे चपटी रुंद फळी लागते, म्हणजे कोंबडी आपल्याच पायांवर बसते आणि बोटं पिसांत झाकली जातात. हे मात्र शालनला फार आवडलं. दोन दिवस येईल त्याला सांगत होती. तुरा थंडीने गोठू नये म्हणून त्याला व्हॅसलीन लावतात हे ऐकल्यावर मात्र तिला हसू आवरेना. "आमचो कोंबडो बिगर व्हॅसलीनचोच रश्श्यात गेलो," म्हणाली. त्या दिवशी फोनमध्ये तेजूही हसली. बारीकसं, नाकातल्या नाकात. फोन ठेवल्यावर शालनने माझा हात घट्ट धरला.

आता मापाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. मी टेप गळ्यात घालून जन्म काढला आणि माझी ही मैत्रीण सगळं हातावर मोजायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, पंजा ताणला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत. तिच्या सासऱ्यांनी तसंच मोजून गोठा बांधला होता म्हणे, आणि तो अजून उभा आहे. तर हिने जावयाला सांगून टाकलं, तीन हात लांब, अडीच हात रुंद, माथ्यावर झुकतं छप्पर. मी म्हटलं, अगं इंचात सांग! तर म्हणते, "कोंबडी काय इंचात निजता?" संकेत बिचारा आज्ञाधारक. सुट्टीच्या दिवशी फळ्या आणल्या, हात टेकवून टेकवून मोजलं, खुराडं उभं केलं आणि फोन आडवा टेकवून ठेवून बाजूला उभं राहून दाखवलं. छान दिसत होतं. शालन खूश. मला मात्र फोनात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, ब्लाउज अंगावर बसला नाही की लांबूनच कळतं तसं.

"तेजूला उभी कर त्याच्या बाजूला," मी म्हटलं. तेजू आत होती. संकेतने हाक मारली, ती येईना. मग शालनने फोनातूनच ओरडून सांगितलं, "गो बाय, एकदा ये, बघूंदे माका." बराच वेळ फोनात नुसती कुंपणाची फळी दिसत होती... मग पाठीमागचं दार वाजलं. तेजू आली. अंगात संकेतचा ढगळ कोट, पायात घरातल्या सपाता. कित्येक महिन्यांनी ती उजेडात दिसत होती. केवढी वाळली होती पोरगी! ती खुराड्यापाशी उभी राहिली आणि शालन जागच्या जागी किंचाळली, "अगे बाये! हो गुडो नाय, हो गोठो! हेच्यात म्हशी बांधा!" त्याचं असं झालं होतं की संकेत सव्वासहा फुटांचा ताडमाड गडी. त्याने मोजलं बरोबर, पण स्वतःच्या हाताने. आणि शेजारी उभाही तोच राहिला, मग फोनात खुराडं मोठं दिसणार कसं? तेजू आईच्याच अंगापिंडाची, ठेंगणी. ती उभी राहिल्यावर सगळं उघडं पडलं. एवढ्या मोठ्या खुराड्यात चार-सहा कोंबड्या म्हणजे त्यांच्या अंगाच्या उबेने काही होणार नाही, रात्रीतून गारठतील. संकेत डोकं खाजवतोय, मी "सांगत होते ना टेप घे" म्हणून सुरू झालेय, शालन म्हणतेय, "जावयाचो हात लांब, तेका मी काय करू?" आणि या सगळ्या गोंधळात तेजू मोठ्याने हसत होती. अंगणात, उघड्यावर, वाऱ्यात उभी राहून.

त्यावर उपाय शालननेच काढला. तोडायचं काही नाही. मध्ये फळ्यांची भिंत घाला, एका बाजूला कोंबड्या, दुसऱ्या बाजूला पेंढ्याचे भारे. पेंढाही कोरडा राहील आणि त्या बाजूचा वाराही अडेल. भिंत कुठे घालायची हे मात्र तिच्याच हाताने ठरणार होतं. मग मी तिला माझ्या कापायच्या टेबलावर बसवलं. खाकी कागद घेतला, जो मी बाह्यांचं कटिंग काढायला वापरते, आणि तिचा हात त्यावर ठेवला. कोपर टेबलाच्या कडेला, पंजा ताणून. पेन्सिल फिरवताना तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती हलायची, मग मी ओरडायची. करंगळी जरा वाकडी आहे तिची, विळीवर कापली होती तेव्हापासून, तीही तशीच उमटली. बाही कधी एकटी कापत नाहीत, जोडीने कापतात. सवयीने मी कागद दुहेरी घातला होता. कातरल्यावर दोन हात निघाले. शालन दोन्ही हातांत ते दोन कागदी हात घेऊन नाचवत म्हणाली, "आता माका चार झाले, एक धाड कॅनडाक!" पोस्टाने पाठवायचं की येणाऱ्या-जाणाऱ्याकडे द्यायचं, यात दिवस गेले. टेपने मोजून आकडा मात्र मी संकेतला लगेच कळवला आणि त्याने मधली भिंत घालून टाकली. कागद माझ्या खिळ्यावर इतर कटिंगांबरोबर लटकत राहिले. खुराडं तयार होतं, कोंबड्या पुढच्या आठवड्यात आणायच्या होत्या, आणि ती सकाळ आली.

तेजू आली, पण अंत्यदर्शनाला पोचू शकली नाही. दिवस होईपर्यंत राहिली. आमच्यात बारावं-तेरावं नसतं, पण मी रोज तिच्याबरोबर वर जाऊन बसायचे, संध्याकाळी माझ्या पद्धतीने बुद्धवंदना म्हणायचे. पोरगी पुन्हा गप्प झाली होती. मला भीती वाटत होती की आता ही परत जाऊन पडदे लावून घेणार आणि या वेळी तिला फोन करून ओरडणारी आईही नाही. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे जेवायला आली. जेवता जेवता म्हणाली, "मावशी, संकेतला मी सांगितलंय, ते खुराडं मोडून टाक. कोंबड्या नको. बघायला आईच नाही." माझा स्वभाव तुम्हाला आता कळला असेलच. मी म्हटलं, "आई बघायला होती तेव्हा तू कुठे उठत होतीस गं?" बोलून गेले आणि जीभ चावली. तेजूने ताट सरकवलं. मग मी तिला सगळं सांगितलं: तिचे बाबा गेले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून कशी पडली होती, त्या सकाळचा कलकलाट, पायरीवरच्या शिव्या. आईची हौस बिस काही नव्हती बाळा, म्हटलं, तुला कोणीतरी सकाळी दार उघडायला लावावं एवढ्यासाठी चाललं होतं सगळं. तेजूला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिला फक्त एवढंच आठवत होतं की आई रोज सकाळी तिच्याआधी उठलेली असायची.

ती रडली. खूप रडली, भरपूर, जसं तिने वर्षभरापूर्वीच रडायला हवं होतं. मीही तिला रडू दिलं. मग तोंड धुऊन आली आणि खिळ्यापाशी थांबली. "हे काय?" मी कागद काढून टेबलावर ठेवला. तिने आपलं कोपर त्याच्या कोपराशी नेलं आणि हात पसरला. नखभर लांब भरला. "मी आईपेक्षा मोठी आहे," म्हणाली, आणि त्या वाकड्या करंगळीवरून बोट फिरवत राहिली. जाताना एक कागद तिने जाड पुठ्ठ्यात घालून, कपड्यांच्या मधोमध ठेवून नेला.

गेल्या महिन्यात तिकडे बर्फ सुरू झाला. मी काही विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच झाली नव्हती, खरं सांगते. एका सकाळी सातला चहा एकटीसाठी टाकला होता आणि फोन वाजला. फोटो होता. खुराड्याचं दार, दारापुढे पांढरा शुभ्र बर्फ आणि त्यात उभा खोचलेला तो हात. आता प्लॅस्टिकच्या जाड चिकटपट्टीत गुंडाळलेला, पाणी लागू नये म्हणून. खाली तेजूने लिहिलं होतं, "मावशी, आज आईची दीड वीत पडला. फावड्याने काढला, दार उघडलं. सगळ्या ठीक आहेत. एक काळी फार आगाऊ आहे." मी तो फोटो सुनीताला दाखवला, इस्त्रीवाल्याला दाखवला, सेक्रेटरींनासुद्धा दाखवला. ते म्हणाले, टीव्ही आहे का हा? म्हणजे त्यांनाही आठवत होतं.

तेव्हापासून रोज येतो निरोप. कधी "अर्धी वीत", कधी "आज काही नाही, नुसता वारा", एकदा तर "पूर्ण हात, मावशी, बोटांच्या टोकापर्यंत!" तिला तिकडचे इंच-सेंटिमीटर येत नाहीत असं नाही. माझ्या खिळ्यावर जोडीतला दुसरा हात आहे. मी गळ्यातला टेप काढून बाजूला ठेवते, तो हात टेबलावर उभा धरते आणि तेजूने सांगितलं असेल तिथपर्यंत बोट लावून बघते, आज पोरीने केवढा बर्फ उपसला ते. मग चहा घेते. शालन, बाई, तुझी मुलगी माझ्याआधी उठते आता.